एक नंबर मोठा फ्यूज टाका म्हणणाऱ्यांना

"फ्यूज उडतोय ना? एक नंबर मोठा टाका, विषय संपला." नवी मुंबईतल्या रबाळ्यात हा सल्ला कुणालाही वावगा वाटत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला एमआयडीसीच्या शेड, दुसऱ्या अंगाला स्टेशन, गावठाण आणि सोसायट्या; पॅनल, मोटर, केबल यांच्यावर पोट असलेला माणूस इथे जवळपास प्रत्येक मजल्यावर सापडतो. त्यामुळे विजेबद्दल मत नाही असा माणूस इथे मिळणं कठीण, आणि बहुतेकांचं मत याच सल्ल्यापाशी येऊन थांबतं.

या वेळी तो दिला आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरांनी. वयाने आणि अनुभवाने मोठे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. निमित्त झालं ते एका शेजाऱ्यांच्या हॉलमधलं पिनबॉल मशीन. घरातल्या मुलाने अमेरिकेतून परतताना सामानाबरोबर आणलेलं, नव्वदच्या दशकातलं धूड. त्याच्या दिव्यांचा फ्यूज वारंवार जायचा. काकांनी आधी सल्ला दिला, मग गच्चीवरच्या गप्पांत त्याचं सविस्तर समर्थनही केलं. ऐकणारे माना डोलवत होते म्हणून हे लिहितो आहे. काकांचं वायरिंगचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे हे आधीच मान्य करून टाकतो. पण या बाबतीत ते चुकताहेत, आणि त्यांची चूक त्या ज्ञानातूनच आलेली आहे. अडाण्याची चूक असती तर इतकं लिहायची गरज नव्हती.

आधी हे दिवे म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. पिनबॉलमध्ये दोन जातींचे दिवे असतात. खेळाच्या हिशोबाप्रमाणे लागणारे-विझणारे दिवे संगणकाच्या हातात असतात. दुसरे नुसते उजेडासाठी: बॅकबॉक्सच्या, म्हणजे वर उभ्या असलेल्या पेटीच्या, चित्रामागे, प्लास्टिकच्या तुकड्यांखाली, स्लिंगशॉटच्या, म्हणजे चेंडूला दणका देणाऱ्या रबराच्या, पोटात. त्यांना जनरल इल्युमिनेशन म्हणतात. ते ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्ट एसी वाइंडिंगवर चालतात आणि सगळे पॅरललमध्ये असतात. विल्यम्स कंपनीच्या १९९० नंतरच्या यंत्रांत हे दिवे पाच लाईनींत वाटलेले आहेत आणि प्रत्येक लाईनीला ५ अँपिअरचा स्लो-ब्लो काचेचा फ्यूज आहे. बल्ब ४४ नंबरचा असेल तर पाव अँपिअर खातो, ४७ नंबरचा असेल तर ०.१५. म्हणजे ४४ नंबरचे वीस बल्ब एका लाईनीवर लावले की ५ अँपिअर भरलेच.

आता काकांचं म्हणणं. पहिला मुद्दा असा की इंजिनिअर लोक फ्यूज नेहमी टाइट देतात, फील्डवर तो एक नंबर वरच घ्यावा लागतो. आयुष्यभर शेडमध्ये हेच केलं, कधी काही झालं नाही. ते खरंच बोलताहेत. पण शेडमध्ये ते काय करत होते हे नीट बघा. मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून मोटरच्या फीडरवर एचआरसी फ्यूज मोटरच्या करंटपेक्षा मोठाच देतात, आणि तो सुरुवातीलाच जायला लागला तर एक पायरी वर जाणं गैर नाही. कारण तिथे फ्यूजकडे फक्त शॉर्टसर्किटचं काम असतं. मोटरवर जास्त भार आला, बेअरिंग जाम झालं, एक फेज गेला, तर बघायला कॉन्टॅक्टरच्या खाली ओव्हरलोड रिले बसवलेला असतो. त्याचा डायल मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटला लावलेला असतो आणि काका स्वतः तो डायल कुणाला हात लावू देत नसत. तिथे दोन राखणदार आहेत. त्यातल्या एकाला थोडी ढील दिली तरी दुसरा जागा आहे.

पिनबॉलच्या दिव्यांच्या लाईनीत ओव्हरलोड रिले कुठे आहे? ट्रान्सफॉर्मरपासून बल्बपर्यंत फ्यूजशिवाय करंट मोजणारं दुसरं काहीही नाही. त्या एकट्यालाच आंधळं केलं की पुढे सगळं रामभरोसे. शेडमधला रास्त नियम त्याची अर्धी बाजू मागे ठेवून घरात आणला, एवढीच काकांची चूक.

"पण फ्यूज काही करंट ढकलत नाही," काका म्हणाले. "लोड जेवढा आहे तेवढाच ओढणार. दहाचा टाकला म्हणून पाचचा लोड दहा होतो का?" होत नाही. हा त्यांचा सगळ्यात सरळ मुद्दा आहे आणि गच्चीवर टाळ्या त्यालाच मिळाल्या. पण फ्यूज उडतो आहे याचाच अर्थ लोड पाचचा राहिलेला नाही. कुठेतरी काहीतरी जास्त ओढलं जातंय आणि ते किती वेळ चालू द्यायचं एवढंच फ्यूज ठरवतो.

हिशोब करून दाखवतो. समजा बल्बच्या एका होल्डरमध्ये दोन टोकं एकमेकांना टेकली. शॉर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठिणग्या आणि धडाका येतो, पण ६.३ व्होल्टवर तसं घडेलच असं नाही. फ्यूजच्या बोर्डपासून त्या होल्डरपर्यंतची बारीक वायर, कनेक्टरच्या जुन्या पिना, गंजलेला होल्डर, सगळं मिळून अर्धा ओहम रोध धरा. करंट होतो १२.६ अँपिअर. ५ अँपिअरच्या फ्यूजला हे अडीचपट आहे. स्लो-ब्लो असला तरी काही सेकंदांत, फार तर मिनिट-दोन मिनिटांत तो जाणार. १० अँपिअरच्या फ्यूजला हेच सव्वापट पडतं. अमेरिकन मानकाप्रमाणे फ्यूजने १३५ टक्के करंटवर तासाभराच्या आत उडायलाच हवं. सव्वापटीवर त्याच्यावर तशी सक्ती नाही. म्हणजे तो तास-दीड तास निवांत बसून राहू शकतो. तेवढा वेळ यंत्राच्या पोटात, लाकडी प्लेफिल्डच्या खाली, सुमारे ८० वॅट उष्णता वायरमध्ये आणि पिनांमध्ये मुरत राहते. त्यातल्या एखाद्या पिनेचा रोध एक-दशांश ओहम असेल तर त्या एका पिनेवर जवळजवळ १६ वॅट. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं.

यावर उत्तर आलं ते घराघरांत ऐकू येतं: "घरात एमसीबी आहे, ईएलसीबी आहे, काही झालं तर ती पडेल ना." नाही पडणार, काका, आणि हे तुम्हाला मी सांगावं लागतंय याचं मला नवल वाटतं. ६.३ व्होल्टच्या बाजूला १२.६ अँपिअर वाहत असले तरी ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, २३० व्होल्टच्या बाजूला, ते ८० वॅट म्हणजे फक्त ०.३५ अँपिअर आहेत. एखाद्या ट्यूबलाईटच्या आसपास. ६ अँपिअरची एमसीबी त्याची दखलसुद्धा घेत नाही. ईएलसीबी तर फेज आणि न्यूट्रल यांच्यातला फरक बघते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला दोन वायरी टेकल्या तर अर्थला काहीच जात नाही, फरक शून्य. वितळलेल्या कनेक्टरचा वास हॉलभर पसरला तरी मीटरबॉक्समधल्या दोन्ही खटक्यांच्या लेखी घरात सगळं आलबेल असतं. मोटरच्या पॅनलमध्ये एकामागे एक उभ्या असलेल्या रक्षणाची सवय लागली की वाटतं, इथेही मागे कुणीतरी असेलच. ट्रान्सफॉर्मरने ते दार बंद केलेलं आहे.

त्याच्या जोडीचा एक मुद्दा "अहो, सहा व्होल्ट!" हा. सहा व्होल्टचा झटका बसत नाही, बरोबर. पण आग व्होल्टने लागत नाही, एका जागी साचणाऱ्या उष्णतेने लागते, आणि ती करंटच्या वर्गाने वाढते. 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात इतक्यांदा वाचलंय की त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही: शॉर्ट झालं तेव्हा फ्यूज काय करत होता? किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी मल्टिस्ट्रँड वायरचे चार पदर पिळून घातले होते का? काचेच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती का? हे दोन्ही प्रकार मी एमआयडीसीत डोळ्यांनी पाहिलेत, आणि करणारे सगळे अनुभवी होते.

या यंत्राच्या बाबतीत तर अंदाज बांधायची गरजच पडली नाही. बॅकबॉक्सचं दार उघडलं की आत एक छापील कागद चिकटवलेला दिसतो, कोणत्या जागी किती अँपिअरचा फ्यूज ते सांगणारा. त्यावर दिव्यांच्या एका ओळीतल्या '५' वर कुणीतरी मार्करने '१०' लिहिलेलं होतं. म्हणजे काकांचा सल्ला तिकडे अमेरिकेतच कुणीतरी आधी अमलात आणलेला. परिणाम फ्यूजच्या बोर्डवरच, त्या फ्यूजच्या दोन बोटं खाली दिसत होता. पाच लाईनींच्या पिना एका ओळीत; चार लाईनींपाशी कनेक्टरचं पांढरं नायलॉन पांढरंच होतं, पाचव्या लाईनीच्या दोन पिनांभोवती ते आधी पिवळं, मग तपकिरी आणि अगदी पिनेला लागून काळं ठिक्कर. कनेक्टर ओढला तर एक पिन प्लास्टिकसकट बाहेर आली. बोर्डाच्या मागच्या बाजूला त्या पिनेच्या सोल्डरला बारीक गोल तडा गेलेला. तडा गेला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता, उष्णतेने तडा आणखी रुंद. कुणीतरी नंतर पुन्हा ५ चा फ्यूज लावला असावा, कारण शेजाऱ्यांकडे यंत्र आलं तेव्हा आत पाचचाच होता आणि तो उडत होता.

आता "व्होल्टेज हाय आहे इकडे" या लाडक्या मताबद्दल थोडक्यात. महावितरणचा पुरवठा २३० च्या वर-खाली होतो हे खरं आहे. पण दिव्याचा बल्ब म्हणजे टंगस्टनची तार. ती जास्त तापली की तिचा रोधही वाढतो. व्होल्टेज १० टक्के वाढलं तर करंट वाढतो जेमतेम ५ टक्के. त्याने फ्यूज जात नाही. जातात ते बल्ब: १० टक्के जास्त व्होल्टेजवर त्यांचं आयुष्य एक-तृतीयांशाच्या आसपास येतं. त्यामुळे बल्ब पटापट जात असतील तर ट्रान्सफॉर्मरचे टॅप तपासा, अमेरिकेतून आलेल्या यंत्राचे तर तपासाच. फ्यूज जात असेल तर दुसरीकडे बघा. गंजाचंही तसंच. खाडीकाठच्या दमट हवेत होल्डर गंजतात, पण गंजाने बल्ब मंद होतो, करंट कमीच होतो. गंज फ्यूजला मारू शकतो तो एकाच जागी, फ्यूजच्या स्वतःच्या क्लिपमध्ये. क्लिप सैल किंवा काळी पडली की तिथेच उष्णता होते आणि लाईनीत काहीही दोष नसताना फ्यूज टोपणापाशी वितळतो.

म्हणूनच गेलेला फ्यूज फेकू नये, उजेडात धरून बघावा. काचेला आतून काळा-चंदेरी मुलामा चढला असेल तर थेट शॉर्ट होता. काच स्वच्छ आणि तार मधोमध लोंबून तुटलेली असेल तर थोडाच जास्त भार, पण बराच वेळ. टोपणाशी सुटलेला असेल तर क्लिप बघा. एक नंबर मोठा टाकणारे नेमका हा पुरावा कचऱ्यात टाकतात.

दोष नसतानाही फ्यूज जाऊ शकतो याचं आणखी एक कारण आहे, आणि ते न सांगणं काकांवर अन्याय होईल. बल्बची थंड तार गरम तारेच्या साधारण एक-दशांश रोधाची असते, त्यामुळे बटण दाबताक्षणी करंट क्षणभर कित्येक पट उसळतो. म्हणून कारखान्याने स्लो-ब्लो दिलेला असतो. लॅमिंग्टन रोडवरून कुणी साधा फास्ट फ्यूज आणून बसवला तर तो चालू करतानाच जाईल, आणि लोक म्हणतील पाचचा पुरत नाही. मापाचा घोळ मात्र उलट दिशेचा. अमेरिकन यंत्रातला फ्यूज सव्वा इंच लांबीचा, आपल्याकडे सर्रास मिळतो तो २० मिलिमीटरचा. अडॅप्टर लावून तो बसवतात, पण त्या युरोपीय मापाच्या ५ अँपिअरने दीडपट करंट निदान तासभर सोसायचा असतो. छापलेला आकडा तोच, वागणं वेगळं. नकळत तिथेच अर्धा नंबर मोठा झालेला असतो.

मग शोधायचं कसं? इथे मला काकांची खरी गंमत वाटते. मोटर रिवाइंड होऊन आली की हेच काका आधी तिला सिरीज बल्बवर लावून बघायचे. १०० वॅटचा बल्ब मध्ये घालून, तो किती पेटतो यावरून वाइंडिंगचं निदान. त्याशिवाय लाईन द्यायची नाही हा त्यांचा दंडक. पिनबॉलसाठी तेच करायचं आहे, फक्त बल्ब गाडीच्या इंडिकेटरचा, १२ व्होल्ट २१ वॅटचा. फ्यूज काढायचा, त्याच्या दोन क्लिपांवर हा बल्ब जोडायचा, त्या लाईनीचे सगळे दिवे होल्डरमधून काढून टाकायचे. दिवे नसताना लाईनीत करंट जायला वाटच नाही. तरी बल्ब पेटला तर शॉर्ट आहे, आणि करंट इतका थोडा आहे की काही जळत नाही. मग बोर्डवरचे कनेक्टर एकेक सोडवत जायचं. बॅकबॉक्सकडे जाणारा सोडला आणि बल्ब विझला, तर दोष वर. नाही विझला तर खाली प्लेफिल्डमध्ये.

दिवे काढायचे हे मुद्दाम सांगतो, कारण मल्टिमीटरवाले नेमके इथे फसतात. ४४ नंबरचा थंड बल्ब अडीच ओहमच्या आसपास. वीस बल्ब पॅरललमध्ये म्हणजे ओहमचा आठवा हिस्सा. त्या लाईनीवर मीटर कंटिन्युइटीला लावला तर तो पीं करणारच, शॉर्ट असो वा नसो. कनेक्टर न काढता मोजलं तर ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंगही तसंच वाजू शकतं. मग 'सगळीकडे शॉर्ट दाखवतोय, वायरिंगच गेलंय' असं निदान होतं आणि एक चांगलं यंत्र भंगाराच्या वाटेला लागतं.

फ्यूज कधी उडतो यातही अर्धं उत्तर असतं. स्लो-ब्लो असूनही चालू करताच गेला तर पक्का शॉर्ट. तास-दीड तासाने, कधी जातो कधी नाही, असं असेल तर बल्ब मोजा. कुणीतरी ४७ च्या जागी ४४ भरले असतील. पंचवीस बल्बांची लाईन ४७ वर पावणेचार अँपिअर घेते, ४४ वर सव्वासहा. प्लेफिल्ड उचलताना-ठेवताना गेला तर बिजागरीजवळची वायर सोललेली असणार. आणि खेळतानाच जात असेल, नुसतं चालू ठेवलं तर दिवसभर टिकत असेल, तर हादऱ्याने टेकणारं काहीतरी आहे. शेजाऱ्यांच्या यंत्रात तेच होतं. डाव्या स्लिंगशॉटच्या खालच्या होल्डरची मधली पट्टी वाकून बाहेरच्या पत्र्यापासून केसभर अंतरावर आलेली. चेंडू रबरावर आपटला, कॉइलने दणका दिला की ती टेकायची. सिरीज बल्ब लावून हाताने तो स्लिंगशॉट दाबला की बल्ब पेटे, सोडला की विझे. पट्टी पक्कडीने मागे घेतली, जळका कनेक्टर आणि पिना बदलल्या, कागदावरचा '१०' खोडला. अशा क्षणिक टेकण्याला दहाचा फ्यूज बहुधा कधीच उडाला नसता, आणि पाचव्या लाईनीच्या नव्या पिनाही जुन्यांच्याच वाटेने गेल्या असत्या.

"एलईडी टाका, लोडच नाही राहणार" हे तरुण मंडळींचं मत मला अर्धं मान्य आहे. एलईडीने लाईनीचा करंट एकदम खाली येतो, कनेक्टर थंड राहतात, जुन्या यंत्राला ते हिताचंच. बल्बच्या गर्दीने उडणारा फ्यूज त्याने नक्की थांबेल. पण वाकलेली पट्टी एलईडीने सरळ होत नाही.

राहता राहिला काकांचा शेवटचा आणि सगळ्यात समजून घेण्याजोगा मुद्दा. "रात्री कंपनीत ब्रेकडाउन झालं, शिफ्ट उभी आहे, अशा वेळी शोधत बसायला वेळ असतो का? मोठा टाकायचा, सकाळी बघायचं." कंपनीत हे चाललं, कारण तिथे पॅनलसमोर माणूस उभा असायचा, नाकाला वास आला की हात स्टार्टरवर. घरात यंत्र चालू ठेवून सगळे जेवायला बसतात आणि फ्लिपरशी खुर्चीवर उभं राहिलेलं सात वर्षांचं पोर असतं. 'खेळणंच तर आहे' म्हणायलाही हरकत नाही, फक्त या खेळण्यातल्या कॉइलना ५० व्होल्ट डीसी आणि त्याहून जास्त मिळतं आणि त्याचं वजन शंभर किलोच्या वर आहे.

आणि पाहुणे जमलेत, फ्यूज गेलाय, खेळ थांबवायचा नाही, अशी वेळ आलीच तर त्यालाही उपाय आहे. यंत्र बंद करून प्लग काढा, उडालेला फ्यूज काढा आणि त्याची जागा रिकामी राहू द्या. उजेडाच्या या लाईनींचा खेळाच्या हिशोबाशी संबंध नाही. चेंडू सुटतो, गुण मोजले जातात, फ्लिपर उडतात. डाव्या बाजूला थोडा अंधार असतो, एवढंच.